माल्ट्याचं वाळवण

नवतपा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूर सोडलं. निघताना कूलरची टाकी रिकामी करायची राहिली. हे बायकोला विमानात, अरबी समुद्रावर असताना आठवलं. तिथून भूमध्य समुद्र येईपर्यंत आम्ही दोघं मनाने त्या टाकीतच होतो.

लेक जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करते. तिच्या ऑफिसातली मंडळी सगळा हिवाळा ढगाखाली काढतात आणि उन्हाळा आला रे आला की ऊन शोधत दक्षिणेकडे पळतात. त्यांचं बघून तिनेही ठरवलं की यंदा आईबाबांना भूमध्य समुद्रातलं एखादं बेट दाखवायचं. तिचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, पारा ४५ वर होता, खिडकीला वाळ्याची ताटी आणि माझ्या डोक्यावर ओला पंचा होता. "बाबा, माल्ट्याला वर्षातले तीनशे दिवस ऊन असतं!" ती हर्षभराने म्हणाली. मी म्हटलं, "बरं. आणखी काय असतं?"

तोवर माल्टा हे माझ्या लेखी फळ होतं. संत्र्याच्या नात्यातलं, पण लांबच्या. नागपूरकर त्याच्याकडे लग्नात भेटणाऱ्या दूरच्या चुलतभावासारखं बघतो, म्हणजे ओळख दाखवतो पण जवळ बसवत नाही. हा एक स्वतंत्र देश आहे, त्याचं क्षेत्रफळ सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर आहे आणि वस्ती पाच लाखांच्या वर, हे नंतर कळलं. माणसं मोजली तर आमच्या नागपुरात चार माल्टा सहज बसतील.

व्हिसाच्या कागदांत मुख्य भर, तुम्ही परत याल हे पटवून देण्यावर असतो. पेन्शनचा कागद, घराचा कागद, बँकेचं सहा महिन्यांचं खातं. "परत येण्याचं सबळ कारण काय लिहू?" मी विचारलं. "लिहा, लोणचं घालायचं आहे," बायको म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. आमच्या कैरीवाल्याला तिने सांगून ठेवलं होतं की शेवटच्या कैऱ्या आमच्यासाठी राखून ठेव, आम्ही जूनच्या मध्याला येतो.

पोहोचलो त्या दिवशी तिथे तीस अंश होतं. घरमालकीण साठीची, गोल, हसरी बाई. तिने दार उघडल्या उघडल्या उकाड्याबद्दल आमची माफी मागितली. तीस अंश म्हणजे आमचा फेब्रुवारी. त्या तापमानात आम्ही स्वेटर धुवून ठेवावेत की आणखी आठ दिवस थांबावं याचा विचार करतो. बायकोने अंगावरची शाल नीट केली आणि "नो प्रॉब्लेम" म्हणाली.

इतक्यात त्या बाईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेला." मग थोडं थांबून, "मेला, मेला." मग मान हलवत, हसत, "मेऽला!" बायकोने माझा दंड धरला. "अहो, यांच्याकडे कोणीतरी गेलं. आणि या हसून राहिल्या." आम्ही दोघं सुतकी चेहऱ्याने भिंतीला टेकून उभे राहिलो. फोन झाल्यावर बाईंनी आम्हाला गॅस कसा लावायचा ते दाखवलं आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात त्याच शब्दाने केली. लेकीने रात्री सांगितलं की माल्टी भाषेत 'मेला' म्हणजे 'तर मग', 'हो ना', 'अर्थातच', 'बरं' आणि आणखी जे काही वेळेवर सुचेल ते. दिवसभरात माल्टी माणूस हा शब्द इतक्यांदा म्हणतो की पहिले दोन दिवस बसमधून जाताना आम्हाला साथ आल्यासारखं वाटत होतं.

ही भाषा मुळात अरबीच्या घरातली. तिच्यात इटालियन शब्द खच्चून भरलेले, आणि लिपी मात्र रोमन. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत सेमिटिक कुळातली ही एकटीच. त्यामुळे पाटी वाचली तर काही कळत नाही, पण कोणी बोललं की मधूनच ओळखीचं माणूस भेटतं. दुनियेला ते 'दिन्या' म्हणतात, किताबाला 'क्तीब', आणि सैतानाला 'शितान'. या शितानाची पुढे गाठ पडणार होती.

तिसऱ्या दिवशी चौपाटी. मेल्लिहाला बेटावरची सगळ्यात लांब वाळू आहे. बाकी किनारा बहुतेक खडकाळ. तिथे खाट आणि छत्री भाड्याने मिळते. खाट ऊन खाण्यासाठी आणि छत्री ऊन टाळण्यासाठी, आणि दोन्हींचे पैसे माणूस एकाच वेळी देतो. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, पण एवढा सरळ परस्परविरोधी व्यवहार मी पाहिला नव्हता. बायकोने फक्त छत्री मागितली. तशी पद्धत नाही म्हणाले.

शेजारच्या खाटांवर एक इंग्रज जोडपं होतं. सूर्य सरकेल तशी ती दोघं खाट ओढत उन्हात जायची आणि आम्ही खाट ओढत सावलीत. दोन्हीकडून हे इमानाने चाललं होतं. तीनच्या सुमारास त्यांच्या आणि आमच्या खाटा एकमेकींवर आदळल्या, तेव्हा ओळख झाली.

ओळख वाढली ती कांद्यामुळे. लू लागू नये म्हणून मी उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतो, माझे वडीलही ठेवायचे. लेकीने विमानतळावरच विनवलं होतं की बाबा, तो कांदा चौपाटीवर आणू नका. आणला. टॉवेल काढताना तो खिशातून पडला आणि घरंगळत त्या गृहस्थाच्या खाटेखाली गेला. त्याने तो उचलून, पुसून, अदबीने मला परत दिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो तेव्हा पाठीवर उकडलेल्या कोलंबीच्या रंगाचा झाला होता, त्यामुळे त्याने फार लक्ष देऊन ऐकलं. दोन दिवसांनी तो पुन्हा दिसला. चड्डीचा उजवा खिसा फुगलेला होता. आम्ही लांबूनच एकमेकांना मान हलवली.

बायको मात्र वेगळ्याच गोष्टीने बेचैन होती. बराच वेळ ती त्या रांगांकडे बघत होती. माणसं तेल लावत होती, पडत होती, पंधरावीस मिनिटांनी कूस बदलत होती, पुन्हा तेल. "अहो," ती म्हणाली, "हे वाळून राहिले." मी म्हटलं, "टॅन होऊन राहिले." "तेच ते. याची एक बाजू झाली, बघा. त्या बाईला उलटायला पाहिजे, कडक होऊन जाईल." मे महिन्यात गच्चीवर कुरड्या, सरगुंडे, सांडगे, पापड घालून कावळ्यांवर लक्ष ठेवण्यात जिचे चाळीस उन्हाळे गेले, तिला वाळवण ओळखता येतं. तिला दुःख एवढंच होतं, की इतकं कडकडीत ऊन, त्यात सगळ्या देशातल्या घरांना सपाट गच्च्या, आणि त्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि अँटेना सोडून काही नाही. ती बसमधून गच्च्या मोजायची आणि हळहळायची.

पाण्याच्या टाक्यांना कारण आहे. या देशात बारमाही नदी एकही नाही. पूर्वी राजधानीत घर बांधायचं तर त्याखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदायची सक्तीच होती. आता निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी समुद्राचं मीठ काढून बनवतात. चहाला त्या पाण्याची थोडी चव येते. आम्ही तक्रार केली नाही. एप्रिलनंतर आमच्या नळाला येतं त्याला निदान चव हा शब्द वापरता येत नाही.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, कारण माल्ट्याचा राष्ट्रीय पदार्थ ससा आहे. पण कोपऱ्याकोपऱ्यावर 'पस्तित्सी' मिळतात. पापुद्र्यांच्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या, आत एकतर रिकोटा चीज नाहीतर शिजवून घोटलेला वाटाणा. बायकोने पहिल्या घासालाच तिचं बारसं मोडून 'करंजी' केलं. नंतर दुकानात जाऊन ती "टू करंजी, मटार" असं मागायची आणि तिला बरोबर मिळायचं. 'किनी' नावाचं कडू संत्र्याचं एक पेय १९५२ पासून तिथे लाडकं आहे. संत्र्याच्या प्रांतातला माणूस म्हणून मी ते कर्तव्यबुद्धीने मागवलं. पहिला घोट सालीचा काढा वाटला. चौथ्या दिवशी मी रोज दोन बाटल्या घेत होतो, आणि घरी हे सांगू नकोस असं लेकीला बजावलं होतं.

राजधानी व्हॅलेटा. १५६५ साली तुर्कांचा वेढा परतवल्यावर सेंट जॉनच्या पंथातल्या सरदारांनी १५६६ मध्ये तिचा पाया घातला. या सरदारांचं मोठं चर्च बाहेरून सरकारी गोदामासारखं आणि आतून पाहावं तिकडे सोनं. दारात उघड्या खांद्यांच्या बायकांना अंगावर घ्यायला काहीतरी देत होते. ओढणी सावरून गेलेली आमची ही एकटीच पहिल्या फेरीत पास झाली, आणि त्या तोऱ्यात आत शिरली ती थबकलीच. सगळी फरशी म्हणजे सरदारांच्या संगमरवरी कबरी. चारशेच्या आसपास. रंगीत दगडांत बसवलेले हाडांचे सापळे, मुकुट, देवदूत, आणि त्यांच्यावरून लोक चालताहेत. बायको मधल्या शिवेवर पाऊल ठेवत, तिरकी, लंगडी खेळावी तशी गेली. चुकून पाय लागला की वाकून नमस्कार. पाऊण तासात तिने निदान तीस सरदारांची माफी मागितली.

आत एका दालनात काराव्हाज्जोचं १६०८ मधलं प्रचंड चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपलं नाव लिहिलं आहे, आणि त्याने सही केलेलं हे एकच चित्र म्हणतात. हा गृहस्थ रोममध्ये खून करून पळालेला. इथे येऊन सरदार झाला, मारामारी करून कैदेत गेला, तिथून पळाला, आणि त्याच वर्षी त्याला पंथातून हाकललं. सगळे लोक रंग, प्रकाश, अंधार बघत होते. मी सहीकडे बघत होतो. जुळवून बघायला दुसरा नमुना नाही, आणि खातेदार फरार. आमच्या शाखेत हा चेक वटला नसता.

आता शितान. माल्ट्यातल्या पुष्कळ चर्चांना दोन मनोरे आणि दोन घड्याळं असतात. एक खरी वेळ दाखवतं, दुसरं नाही. सांगतात असं, की प्रार्थनेची नेमकी वेळ शितानाला कळू नये म्हणून ही युक्ती. आम्ही एका चौकात बससाठी उभे होतो आणि त्यातलं चुकीचं घड्याळ पाहून निर्धास्त होतो. बस गेली. पुढची आली ती भरलेली होती, थांबली नाही. तिसऱ्या बसला आम्ही हात केला नाही, कारण हात केल्याशिवाय ती थांबत नाही हे शितानाप्रमाणे आम्हालाही माहीत नव्हतं. लेक चिडली. बायको म्हणाली, "आपल्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असते, ते कोणाला फसवायला?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मीच ते पुढे ठेवतो आणि मीच दहा मिनिटं वजा करतो.

उन्हाळ्यात गावोगावी संतांचे उत्सव असतात, 'फेस्ता'. सकाळी आठला आकाशात बार उडायला लागतात. नुसता आवाज, शोभेचं काही नाही. संताची मूर्ती खांद्यावरून निघते, पुढे बँड. पुष्कळ गावांत बँडची मंडळं दोन, आणि त्यांचं एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही. कोणाचं वाद्य चांगलं, कोणाची आतषबाजी मोठी, कोणाचा संत वरचा. लेकीला हे समजावून सांगावं लागलं. आम्हाला नाही. काळ्या मारबतीची आणि पिवळ्या मारबतीची अशा दोन मिरवणुका ज्या गावात निघतात तिथे आमचा जन्म गेला आहे.

बार उडाले की मला मोस्ता गाव आठवायचं. तिथल्या चर्चच्या घुमटातून ९ एप्रिल १९४२ ला जर्मन बॉम्ब आरपार आत पडला. प्रार्थनेला माणसं जमलेली होती. बॉम्ब फुटलाच नाही. त्याची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. बायकोने तिला हात जोडले. सोबतच्या जर्मन पर्यटकांनी मान खाली घातली, आणि लेकीने, श्टुटगार्टच्या पगाराकडे बघून असेल, मला हळूच बाहेर आणलं.

आपल्याकडचे लोक इथे आमच्याही आधी येऊन गेलेत. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सातेक हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्ट्याला आणले. मे महिन्यात आले, तंबू ठोकले, लढाई झालीच नाही. उन्हाळ्यात त्यांतल्या पुष्कळांना सायप्रसला नेलं. दोन बेटं, जाणंयेणं, राहणं, जेवण, सगळं सरकारी खर्चाने. लेकीने आमच्यासाठी जे पॅकेज शोधलं त्यात सायप्रस नव्हतं.

शेवटचे तीन दिवस गोझो. हे शेजारचं धाकटं बेट, बोटीने पंचवीसेक मिनिटं. जाताना तिकीट कोणी मागितलंच नाही. मी खिडकी शोधत सगळा धक्का पालथा घातला. मग कळलं की पैसे येताना घेतात, गोझोहून परतताना. वसुलीची ही रीत मला फार आवडली. तारण म्हणून माणूसच ठेवून घ्यायचा. आम्ही कर्जदाराला असं बेटावर ठेवू शकलो असतो तर बँकेचे बरेच प्रश्न सुटले असते.

गोझोत समुद्रकाठी दगडाची एक प्रचंड नैसर्गिक कमान होती, अझ्युअर विंडो. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. बस तरी जातेच, लोक तरी उतरतातच, आणि जिथे ती नाही तिथला फोटो काढतात. युरोपातले लोक जरा हिरमुसले दिसत होते. आम्ही नाही. गड चढून जाऊन "इथे सदर होती, इथे राजवाडा होता, हे दारूकोठार" असं गवताकडे बोट दाखवून ऐकत आम्ही मोठे झालो. नसलेली गोष्ट बघायची आम्हाला सवय आहे. बायकोने तर "केवढी मोठी होती!" असं म्हटलंसुद्धा.

आणि मग, परतण्याच्या आदल्या दिवशी, उत्तर किनाऱ्यावर श्वेयनीची मिठागरं. मार्सालफोर्नच्या पुढे रस्त्याला लागून समुद्राकडे उतरणारा पिवळसर खडक, आणि त्यात कोरलेले चौकोन. शेकडो. ओळीने. साडेतीनशे वर्षांपासून तिथे मीठ पिकवतात, काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. काही चौकोनांत समुद्राचं पाणी, काहींत दुधट साय, काहींत पांढरं शुभ्र मीठ. एक म्हातारी बाई डोक्याला रुमाल बांधून झाडूने ते एका कोपऱ्यात लोटत होती. जवळच फळीवर उभे कापलेले टोमॅटो, मीठ भुरभुरून, पाठीवर निजवलेले.

बायको थांबली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. "अहो, हे बघा. हे आहे वाळवण!"

तिने चप्पल काढली आणि खडकावरून खाली गेली. त्या बाईला इंग्रजी बेताचं, हिला त्याहून बेताचं. आम्ही वरून बघत होतो. हिने टोमॅटोकडे बोट करून चार बोटं दाखवली, तिने मान हलवून सहा दाखवली. दिवस असणार. हिने आकाशाकडे बघून हाताने पावसाची खूण केली, तिने दोन्ही हात कपाळाला मारले. हिने कावळा करून दाखवला. तिने बहुधा समुद्रपक्षी करून दाखवला. मग हिने एक टोमॅटो उचलला, उलटून पाहिला आणि दुसऱ्या अंगावर ठेवला. ती म्हणाली, "मेला." ही म्हणाली, "मेला, मेला!" आणि दोघी खडकावर बसल्या. मी घड्याळ पाहिलं, सव्वा तास. संगमरवरी चर्चला पाऊण तास दिला होता.

येताना दोन किलो मीठ होतं. परतीच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या मुलाने ती पांढरी पिशवी वर धरली आणि आमच्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "पिकल." त्याला ते समजलं नाही, पण आवाजातला ठामपणा समजला असावा.

नागपुरात पाऊस लागला होता. कूलरच्या टाकीत डासांची पुढची पिढी शिकूनसवरून मोठी झाली होती. कैरीवाल्याने राखलेल्या कैऱ्यांतल्या अर्ध्या पिकायला आल्या होत्या, त्यावर बायको "मेला!" म्हणाली. तो शब्द कोणत्या भाषेत घ्यायचा ते त्याने विचारलं नाही. उरलेल्यांचं लोणचं घातलं, गोझोच्या मिठात. त्याचे खडे जाड, वाटीचा अंदाज चुकला. लोणचं फार खारट झालं आहे आणि दोन बरण्या भरून आहे. जून ते मार्च कधीही नागपूरकडे येणं झालं, तर रिकामा डबा घेऊन या. एप्रिल-मेमध्ये मात्र येऊ नका, ऊन फार असतं.